खळ्यासारखी पिच

आमच्या घरात टीम हरली की भाकरी उरायची. टीम म्हणजे हिंदुस्थानची. ती खेळायची तिकडं विलायतेत, अन् चुडाव्याच्या ठेसनापासून कोसभरावरच्या आमच्या गावात माझे मालक ताटावरून उठायचे. लग्न होऊन मला दुसरं वर्ष लागलं होतं. पहिल्यांदा हे असे उठले तेव्हा वाटलं, कालवणात मीठ जास्त पडलं. चाखून बघितलं तर मीठ बरोबर होतं. मग माझं डोकं तापलं.

"अवो, कुणी मेलं का?"

"न्हाई. हरले."

"कोण हरले?"

"आपले."

ते आपले म्हणजे कोण, हे कळायला मला चार दिवस लागले. मालगाडीचा एक गार्ड ह्यांच्या ओळखीचा होता. तो मुंबईचं मराठी वर्तमानपत्र गाडी हळू झाली की ह्यांच्या अंगावर टाकायचा. ते दोन-तीन दिवसांचं शिळं असायचं. पण ह्यांना ते ताज्या लोण्यासारखं. हे परभणीत उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकले होते, तिथल्या वकील-कारकुनांच्या क्लबाचा खेळ बघून ह्यांना हा नाद लागला. सासूबाई गेल्या, घरात करणारं कुणी उरलं नाही, म्हणून मामंजींनी ह्यांना शेतीवर परत आणलं. नाद मात्र परभणीतच सोडून या म्हणलं तर कोण ऐकणार? गावात येऊन ह्यांनी अकरा गडी गोळा केले. दोघं वाण्याचे, एक सुताराचा, बाकी आमच्यासारखे कुणबी, अन् माझे धाकटे दीर, ज्यांना मी भावजी म्हणायची. भावजींचा चेंडू असा जोरात यायचा की पारावरची म्हातारी माणसं उठून घरी जायची.

एकदा चावडीपुढं हे कुणाला तरी सांगायलेत, "आपली टीम अजून शिकायलीय." पोलीस पाटलानं ऐकलं. राज्य निजामाचं. पाटील म्हणला, "आपली म्हंजे कुणाची रं?" हे म्हणले, "आपली म्हंजे आपली." अन् चालायला लागले. मला हे सुतारणीनं सांगितलं तेव्हा मला भीती वाटली, अन् खरं सांगते, बरंही वाटलं.

तो देश स्वतंत्र व्हायच्या आदल्या सालचा पावसाळा. विलायतेत एक सामना हरलो होतो. दुसऱ्यात शेवटची जोडी कशीबशी टिकली अन् अब्रू वाचली. हे सारवलेल्या ओट्यावर बोटानं रेघा मारत मला समजावून सांगायलेत, कोण कुठं उभा होता ते.

मी विचारलं, "किती वर्षं झाली ही टीम खेळायलीय?"

"चौदा."

"अन् जिंकले किती?"

"एक बी न्हाई."

"मग चौदा वर्षांचं पोर काय लहान असतंय का? आमच्या माहेरी चौदाव्या वर्षी नांगर धरतेत."

मला वाटलं चिडतील. पण हे शांतपणानं म्हणले, "नांगर धरायला जमीन लागती. ह्यांना जमीनच न्हाई. आपल्याकडं जिकडं बघावं तिकडं भुईवर काथ्याची चटई टाकून खेळतेत. चटईवर शिकलेला माणूस तिकडं खऱ्या भुईवर कसा टिकंल? पोरं वाईट न्हाईत. पायाखालची भुई वाईट हाय. ती ज्या दिशी नीट होईल, त्या दिशी ही टीम कुणाला ऐकणार न्हाई, बगच तू."

हे इतकं खात्रीनं बोलले की मी थट्टा करायची सोडून दिली.

पाऊस सरल्यावर हे परभणीला गेले अन् त्या क्लबाच्या वकीलसाहेबांना भेटून आले. वकीलसाहेब म्हणजे क्लबाचे कप्तान, उर्दू बोलणारे, अदबीचे पण कडक. दरसाल जिल्ह्यातल्या टीमा खेळून त्यातून जिल्ह्याची टीम निवडायचे, तिथून पोरं पुढं औरंगाबादेला, हैदराबादेला जायची. ह्यांना आमच्या गावाचं नाव त्या यादीत घालायचं होतं. वकीलसाहेब म्हणले होते, "पैले पिच दिखाव, मियाँ. खेत में खेलने वालों को मैं टीम नहीं कहता." मग ठरलं असं की मार्गशीर्षात ते स्वतः टीम घेऊन येतील. पिच बरी निघाली तर नाव यादीत. नाही निघाली तर पुन्हा त्यांच्या दारात उभं राहायचं नाही.

"मी आता सव्वीस वर्षांचा," हे मला म्हणले. "माझं काय व्हायचं न्हाई. पर धाकट्याचं होईल. न्हाईतर त्याच्या मागच्या कुणाचं होईल. नाव एकदा यादीत पडलं पाहिजे."

झालं! दुसऱ्या दिवसापासून अकरा गडी विहिरीजवळच्या पट्टीत पाणी ओतायला लागले. आमची भुई काळी, कापसाची. भिजली की लोण्यागत, वाळली की फाटणार. ह्यांनी वरून दगडी रूळ फिरवला. आठ दिवसांनी टाचा फुटाव्यात तशी ती पट्टी फुटली. भावजींनी चेंडू टाकला, तो भेगेत गेला अन् तिथंच राहिला. बारीक हात म्हणून वाण्याच्या पोरानं तो चेंडू काठीनं कोरून काढला. मी विहिरीवर घागर भरत होते. मला जे हसू फुटलं, ते आवरंचना.

"कामून हसायलीस?" हे ओरडले.

"मग काय रडू? खळं करता येत न्हाई तुमाला, अन् निघाले पिच करायला!"

बोलून गेले अन् घागर घेऊन घरी आले. संध्याकाळी हे चुलीपुढं येऊन बसले. जळतं लाकूड आत सारलं. मग म्हणले, "खळं कसं करतेत?"

आमच्यात खळं करणं बायांचं काम. ज्वारीची कणसं ज्या जागेवर मळायची, ती जागा अशी पाहिजे की दाणा मातीत रुतू नये अन् माती दाण्यात येऊ नये. माझ्या आईचा ह्यात हातखंडा होता, तिनं मला मारून मारून शिकवलं. मी ह्यांना म्हणलं, "करते. पण मधे कुणी शहाणपण शिकवायचं न्हाई. तुमी बी न्हाई." हे बरं म्हणले. मामंजींना विचारलं तर ते म्हणले, "करा. सुगीला मला तितंच खळं पाहिजे, म्हंजे झालं." म्हातारा खूशच होता, एका कामात दोन कामं.

बावीस यार्ड म्हणजे माझ्या मापानं चव्वेचाळीस हात. तेवढ्या लांबीची काळी माती हातभर खोल काढून टाकली. खाली मुरूम, वर गावठाणातली जुनी पांढरी माती, त्यात भुसा. पाणी शिंपडून रात्रभर मुरवली. मग आमची बैलजोडी तिच्यावरून फिरवली, एक दिवस नाही, पाच दिवस. खळं सारवल्यानं घट्ट होत नाही, बैलाच्या पायानं होतं, हे पुष्कळ बायांनाही कळत नाही. मग मी अन् शेजारच्या तिघीजणी चोपणं घेऊन बसलो. चोपणं म्हणजे भुई बडवायची लाकडी फळी. सुतारानं केलेली ह्यांची बॅट अगदी तशीच दिसायची, त्यावरून तिघीजणी ह्यांना ऐकू जाईल असं काय काय बोलल्या, ते इथं सांगत नाही. नेहमीच्या खळ्याला वरून शेणाचा जाड हात देतात. मी दिला, तर चेंडूनं त्याचे पापुद्रे निघाले. मग मी तो सगळा खरवडून काढला, शेणपाण्याचा पातळ काला फिरवला अन् गुळगुळीत गोट्यानं भुई घोटली. हाताला घट्टे पडले, खांदा उतरला. पण मी घोटत राहिले. हरायचं न्हाई असं मनात पक्कं धरलं होतं. कुणाशी न्हाई हरायचं ते काही ठरवलं नव्हतं.

शेवटी हे आले अन् खांद्याएवढ्या उंचीवरून चेंडू सोडला. तो ह्यांच्या मांडीपर्यंत उडाला. पुन्हा सोडला, पुन्हा तेवढाच. चव्वेचाळीस हातांत ह्यांनी दहा ठिकाणी सोडून बघितला. मग माझ्याकडं नुसते बघत राहिले. मी म्हणलं, "काय बगायलाव? जा, भूक लागली आसंल."

पण चूक माझ्या हातनं व्हायचीच होती. सामन्याच्या आदल्या सांजेला गड्यांनी दोन्हीकडं तीन-तीन दांड्या रोवल्या अन् सगळे गेले. मी एकटीच उभी. भुई आरशासारखी. इतकं देखणं खळं मी जन्मात केलं नव्हतं. खळ्याच्या मधोमध खांब रोवतात, त्याला मेढ म्हणतात. बैल तिच्याभोवती फिरतात. मेढीची पूजा केल्याशिवाय खळं पुरं झालं असं आमचा जीव मानत नाही. माझे हात आपोआप चालले. घरून हळद-कुंकू आणलं, विहिरीकडच्या मधल्या दांडीला लावलं, पाया पडले अन् समाधानानं घरी गेले.

सकाळच्या गाडीनं वकीलसाहेब दहा-अकरा जणांना घेऊन उतरले. पांढऱ्या विजारी, पांढरे सदरे, अन् पायांत तळाला खिळे मारलेले बूट. सगळं गाव जमलं होतं. वकीलसाहेब पिच बघायला पुढं आले, तसे मामंजी काठी आडवी धरून उभे राहिले.

"पायताण काढा. खळं हाय ते."

वकीलसाहेब हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. ह्यांनी बापाला बाजूला घेतलं, "बाबा, आज खळं न्हाई ते, पिच हाय." मामंजींनी काठीनं दांडी दाखवली. "मग ही मेढ कुणी पुजली? हळद-कुंकू लागलंय तिला. पुजलेल्या खळ्यात पायताण घालून माझा बाप गेला न्हाई, मी गेलो न्हाई, अन् हे जाणार?"

आमची टीम तर अनवाणीच खेळायची, आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच हे आलं नव्हतं.

वकीलसाहेबांचा चेहरा बदलला. "जूते उतारके? हम दावत को आए क्या, खेलने को आए? मियाँ, मैं बोला था, पैले पिच. जिस पिच पे जूता नहीं चलता, वो पिच नहीं." अन् आपल्या लोकांना म्हणले, चला, दुपारची गाडी मिळंल. हे मधे उभे. एकीकडं बाप, एकीकडं यादी. बापापुढं तोंड उघडायची आमच्यात रीत नाही. भावजी चेंडू हातात धरून खाली बघत होते, त्यांचे कान लाल झाले होते. तीन महिन्यांची मेहनत माझ्या दोन बोटांच्या हळदीनं घालवली होती. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

पण थोबाडीत मारून काय होणार? लावलेली मेढ काढायचीसुद्धा एक रीत असते. मळणी झाली, धान्याची रास पडली, रास उचलली की मेढ उपटतात. मग ते खळं राहत नाही, नुसती भुई. मी पळत घरी गेले. कणगीतली जुनी ज्वारी सुपात भरली, पदर डोक्यावरून नीट घेतला, अन् एवढ्या सगळ्या माणसांमधून अनवाणी त्या दांडीपाशी जाऊन सूप पालथं केलं. चांगली ढीगभर रास पडली. मग सगळ्यांदेखत म्हणलं,

"मामंजी, रास पडली. मापून उचला, म्हंजे खळं उठलं."

म्हातारा माझ्याकडं बघत राहिला. मग राशीकडं. मग पुन्हा माझ्याकडं. त्यांच्या मिशा हलल्या. काठी ठेवून ते खाली बसले, ओंजळीनं ज्वारी सुपात टाकत मोठ्यानं म्हणले, "लाभ!" आमच्यात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. सगळं गाव हसलं. रास भरून झाल्यावर मामंजींनी स्वतः दांडी उपटली, हळद पुसली अन् जिथल्या तिथं पुन्हा रोवली. पण खळ्यावर आलेला माणूस रिकाम्या हातानं जात नाही, म्हणून त्यांनी परभणीच्या एकेकाला ओंजळ-ओंजळ ज्वारी दिली. वकीलसाहेबांनी गोंधळून रुमाल पुढं केला अन् "शुक्रिया" म्हणले. मामंजी म्हणले, "आता घाला पायताण. नाचा तिकडं."

सामना आम्ही हरलो. लपवायचं काय त्यात? भावजींनी त्यांचे पाच गडी काढले, त्यातला एक दांडीच मोडून. पण आमची माणसं घाईची, दिसला चेंडू की हाण. मी विहिरीआडून बघत होते, अन् माझं लक्ष ना बॅटीकडं ना चेंडूकडं. मी बघत होते त्या खिळ्यांकडं. दिवसभर नाचले ते माझ्या भुईवर.

उन्हं कलल्यावर वकीलसाहेब पिचवर उकिडवे बसले. खिळ्यांच्या खुणा होत्या, सुईनं टोचल्यासारख्या, त्याहून खोल नाही. त्यांनी खिशातली किल्ली काढून भुईत खुपसून बघितली. किल्ली वाकली. ते उठले अन् ह्यांना म्हणले, "सुबह से शाम तक बॉल एक जैसा आया. ऐसी पिच हमारे पास भी नहीं. किसने बनाई?"

मी विहिरीआडून मान पुढं काढली.

हे म्हणले, "हमने."

हमने! माझ्या हाताचे घट्टे अजून गेले नव्हते. मला इतका संताप आला की घागर विहिरीत फेकून द्यावी. बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण राग रीत बघत नाही.

वकीलसाहेब खूश झाले. म्हणले, आमची चटई सडून गेली, पुढच्या महिन्यात निवडीचे सामने आहेत. परभणीला येऊन अशीच पिच करून द्या, यादीत गावाचं नावही घालतो अन् हा तुमचा जोराचा बॉलरही बघतो. हे लगेच हो म्हणले. मग वकीलसाहेबांनी विचारलं, "मिट्टी कौनसी? भूसा कितना? पानी कब देते?"

ह्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग विहिरीकडं बघितलं. मी मुद्दाम तोंड फिरवलं. सांगा की आता, म्हणलं. हमने ना? सांगा.

मग ह्यांचा आवाज आला, मोठा, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा. "साहेब, मी खोटं बोललो. ही पिच माझ्या बायकोनं केली. एकलीनं डोकं चालवलं. मला ह्यातलं कायबी कळत न्हाई."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, अन् त्याचाही मला रागच आला.

वकीलसाहेब माझ्याकडं न बघता, अदबीनं भुईकडं बघत म्हणले, "बाई आएंगे क्या परभणी?" आता सगळ्यांच्या माना मामंजींकडं. सून परगावी जाऊन परक्या माणसांत माती तुडवणार, हे आमच्या सात पिढ्यांत घडलं नव्हतं. म्हातारा टाळू खाजवत बसला.

"परभणीचे बैल कसे असत्यात कुणाला ठावं," ते म्हणले. "आपलीच जोडी घेऊन जाऊ. मी बी येतो."

दीड दिवसाची वाट. गाडीत आम्ही तिघं, चोपणी, गोटे, अन् मागं पोत्यांत गावठाणाची पांढरी माती. भावजी गाडीबरोबर चालत होते. क्लबाच्या मैदानावर पोचलो तेव्हा टोप्या-शेरवान्यांतले वीसेक जण उभे होते. मधे काळ्या भुईवर ती सडकी चटई. कुणीतरी मागून म्हणलं, "अब औरतां क्रिकेट सिखाते क्या?" अन् चार जण खिदळले. घरी असते तर मी त्याची सात पिढ्यांची ओळख काढली असती. पण मी त्या चटईकडं बघत होते. हिच्यावरच खेळून आपली पोरं बोटीत बसतात अन् तिकडं जाऊन पडतात. ह्यांचं वर्षभराचं बोलणं मला तिथं उभी राहिल्यावर खरं कळलं. हिंदुस्थानच्या त्या टीममधल्या कुणाला माझं गाव ठाऊक नव्हतं, आमचं निजामाचं राज्यसुद्धा अजून त्यांच्यात यायचं होतं. पण त्यांच्या पायाखालची भुई करणारा माणूस कुठंतरी लागणारच होता, अन् मला ते काम येत होतं.

वकीलसाहेब आले. "शुरू करो, बाई."

मी ह्यांना म्हणलं, त्यांना सांगा, आधी आमच्या गावाचं नाव लिहा.

हे कानात कुजबुजले, "अगं, असं म्हणू नये. आधी पिच, असं ठरलंय."

"एकदा दिवसभर खिळे मारून बघितली की पिच. किल्ली वाकली. अजून काय बगायचंय?" हे मी मोठ्यानंच बोलले, अन् जाऊन गाडीत बसले. "मामंजी, जुंपा बैल."

मामंजींनी खरंच कासरा हातात घेतला. मैदानावर कुणी हसंना. वकीलसाहेबांनी माझ्याकडं पहिल्यांदाच सरळ बघितलं, मग कारकुनाला हाक मारली. वही आली, दौत आली. झाडाच्या बुंध्याला वही टेकवून त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. मला अक्षर येत नव्हतं, अन् उर्दू तर मुळीच नाही.

"वाचून दाखवा," मी ह्यांना म्हणलं.

ह्यांनी वही हातात घेतली. उजेडाकडं वळवली. भावजींनी मागून वाकून बघितलं. मग ह्यांनी आमच्या गावाचं नाव वाचलं, सावकाश, एकेक अक्षर सोडवत. ते नाव मी त्याआधी कुणाच्या तोंडून असं ऐकलं नव्हतं.

मी गाडीतून उतरले, पदर खोचला अन् म्हणलं, "चला, उचला ती चटई."